गाडी जड चालतेय!

"गाडी जड चालतेय." हे वाक्य मराठी माणूस मोटार येण्याच्या कितीतरी आधीपासून बोलत आला आहे. माझे आजोबा ते बैलगाडीबद्दल म्हणायचे. आज पोखरी घाट चढून तळेघरला पोचलेला जीपवाला खाली उतरून, चाकाला एक लाथ मारून, तेच म्हणतो. हल्लीची मुलं "पिकअप गेला" म्हणतात, पण दुखणं तेच. जोर लावावा तेवढी गाडी पुढे सरकत नाही. मग कारण शोधायचं आणि तेल बघायचं. हे काम एके काळी घराघरात होत होतं. ते घरातून कसं निघालं आणि कुठे कुठे फिरून आलं, त्याचा हा छोटासा इतिहास.

सुरुवात बैलगाडीपासूनच करायला हवी. लाकडी चाकाचा मधला गोल भाग म्हणजे तुंबा. त्यातून निघालेले आरे, त्यावर पुठ्ठे आणि सगळ्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. तुंब्याच्या भोकातून आस जातो आणि चाक निसटू नये म्हणून टोकाला कुणी ठोकतात. आस स्थिर असतो, फिरतं ते चाक. म्हणजे सगळी घासाघीस तुंब्याच्या पोटात. तिथे वंगण नसलं की चाक रडायला लागतं. ते रडणं शेतापलीकडच्या माणसालाही ऐकू यायचं आणि तो तिथूनच ओरडायचा, "अरे, वंगण घाल की!" आमच्याकडे एरंडेलात राख कालवून ते करत. गाडीच्या खाली एक नळकांडं टांगलेलं असे, त्यात ते वंगण आणि ते लावायला एक काटकी. लांबच्या वाटेला निघायचं म्हणजे बैलांची वैरण, माणसांची भाकरी आणि चाकांचं वंगण, या तीन गोष्टी आधी बघायच्या. यातली तिसरी विसरली तर पहिल्या दोन असून उपयोग नाही!

पण हा सगळा सपाटीचा थाट. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला सह्याद्रीची धार आहे आणि तिथे चाकाचं फारसं चाललं नाही. नाणेघाट हा जुन्नरला कोकणाशी जोडणारा दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी मार्ग. सातवाहनांचा लेख तिथल्या लेण्यात आहे, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे, पण वाट पायऱ्यांची. मालाचे बैल जायचे, गाडी नाही. भीमाशंकरहून खाली खांडसकडे उतरणारे शिडी घाट आणि गणेश घाट तर नावावरूनच समजावेत. तेव्हा तळेघरच्या बाजूच्या माणसाने हिरडा आणि तांदूळ बाजारात न्यायचा तो डोक्यावर किंवा जनावराच्या पाठीवर. चाक या डोंगरात खऱ्या अर्थाने आलं ते मोटारीबरोबर. म्हणून इथे मोटारीची किंमत शहरापेक्षा वेगळी आहे, हे पुढचं वाचताना ध्यानात ठेवा.

आता एरंडेलाची एक गंमत. आपल्या आजीने ज्या एरंडेलाचा धाक आपल्याला दाखवला, त्याच तेलाने विमानं उडाली आहेत. पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांच्या फिरत्या इंजिनांत एरंडेलच वापरत. ते पेट्रोलमध्ये सहजासहजी मिसळत नाही आणि उष्णतेत टिकतं. इंजिनातून उडणारे तेलाचे तुषार वैमानिकांच्या नाकातोंडात जात आणि बिचाऱ्यांच्या पोटाचे हाल होत! १९०९ साली इंग्लंडमधल्या वेकफिल्ड यांच्या कंपनीने एरंडेल मिसळलेलं एक वंगण बाजारात आणलं आणि एरंडाच्या इंग्रजी नावावरून त्याचं नाव ठेवलं कॅस्ट्रॉल. म्हणजे पेट्रोल पंपावर आज जो डबा दिसतो, त्याच्या नावात आपल्या नळकांड्यातलं तेल आहे. पुढे खनिज तेलाने एरंडेलाला मागे टाकलं. १९५४-५५ मध्ये मुंबईत तुर्भे-माहूलला तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि काळ्या ग्रीसचा डबा खेड्यापर्यंत पोचला.

बैलगाडी आणि मोटार यांच्यातला खरा फरक मात्र तेलात नाही, ओढण्यात आहे. बैल गाडीला पुढून ओढतो. चाकाने फक्त मोकळं फिरायचं. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, आणि दोन्ही सुटी असल्याने काही अडत नाही. मोटारीत इंजिन चाकालाच फिरवतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर वळणावर एक चाक फरफटत जाईल. यावर उपाय म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाफेच्या गाडीसाठी ते वापरलं. आपले मिस्त्री त्याला 'क्राऊन' म्हणतात, कारण त्यातलं मोठं दातेरी चाक मुकुटासारखं दिसतं. ट्रकच्या मागच्या आसाच्या मधोमध जो मडक्यासारखा फुगवटा दिसतो ना, तोच हा क्राऊन. जुन्या तुंब्याचा वारसदारच म्हणा. आसावरच बसलेला, वंगणावर जगणारा, आणि वंगण संपलं की रडणारा.

१९२६ च्या सुमारास अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने आपल्या मोटारींत या क्राऊनला नव्या घडणीचे तिरपे दाते दिले. आवाज कमी झाला, गाडीची बसण्याची पातळी खाली आणता आली. पण हे दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घसरतही जातात. साधं तेल त्यांच्यामधून पिळून बाहेर पडतं. म्हणून त्या तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालायला लागले. ती दात्यांवर पातळ थर धरतात. जुन्या गिअर ऑईलला जो उग्र, नाकात बसणारा वास येतो तो या गंधकाचा. यातच एक मेख आहे. हेच जहाल तेल काही गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगा खातं. म्हणून डब्यावर 'जीएल-४' आणि 'जीएल-५' असे आकडे असतात. पाच हा चारपेक्षा मोठा म्हणून चांगला, असं नाही. साधारणपणे क्राऊनला पाच आणि जुन्या घडणीच्या गिअरबॉक्सला चार. नक्की कुठलं ते गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं.

तसाच घोटाळा 'नव्वद नंबर'चा. गिअर ऑईल नव्वद आणि इंजिन ऑईल चाळीस, म्हणजे नव्वदवालं दुपटीहून दाट, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. नव्वद नंबरचं गिअर ऑईल हे चाळीस-पन्नास नंबरच्या इंजिन ऑईलइतकंच दाट असतं. शेर आणि किलो एकाच आकड्यात बोलले तर जसा गोंधळ होईल, तसा हा.

आता परत आपल्या भागाकडे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) मार्गावर पहिली एसटी धावली. एसटीने गावोगाव प्रवासी नेले आणि दापोडीच्या कार्यशाळेसारख्या ठिकाणांतून यंत्र हाताळणारी माणसंही घडवली. त्याच सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला अमेरिकी विलीज जीप जोडायला सुरुवात केली होती. सैन्यासाठी जन्मलेली ही गाडी पुढे तहसीलदार, वनखातं, डॉक्टर असं करत करत सामान्य माणसापर्यंत आली. १९८० च्या दशकात तिला फ्रेंच पूजो कंपनीच्या परवान्याने बनवलेलं डिझेल इंजिन मिळालं आणि खेड्याला ती परवडू लागली. दशकाच्या अखेरीस पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली (हीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स). मग घोडेगाव-डिंभे-तळेघर-भीमाशंकर या रस्त्यावर चित्र बदललं. एसटीच्या दोन फेऱ्यांच्या मधली पोकळी जीपने भरून काढली.

आणि ती फक्त प्रवाशांची पोकळी नव्हती. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली २०१४ च्या जानेवारीत. त्याआधी रात्री-अपरात्री वाडीवर कुणाला पान लागलं, कुणी बाई अडली, तर वाडीतले चार जण जीपवाल्याच्या दारात उभे राहत. झोळीतून पेशंट सडकेपर्यंत आणायचा आणि पुढे जीपने तळेघरच्या आरोग्य केंद्रात, नाहीतर थेट घोडेगाव-मंचरला. अशा वेळी गाडी जड चालणं म्हणजे नुसता डिझेलचा खर्च नव्हता. घाटात पाच-दहा मिनिटं कुणाच्या तरी जिवाची असतात. म्हणूनच तळेघरच्या जीपवाल्यांना आपली गाडी अंगाच्या मापाने ठाऊक असे. आवाज बदलला, वास बदलला, एखादा गिअर घेताना हात अडखळला, तरी त्यांना कळे.

नोकरीतली बरीच वर्षं माझी तळेघरला गेली, त्यामुळे ही घरगुती दुरुस्ती जवळून पाहायला मिळाली. दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण ओसरला की अंगणात जीप उभी करून तेलबदल चाले. त्याचं एक शास्त्रच होतं. आधी गाडी सात-आठ किलोमीटर फिरवून आणायची, म्हणजे तेल कोमट होऊन पातळ होतं आणि तळाचा गाळ बरोबर घेऊन बाहेर येतं. गाडी सपाट जागी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, आसाखाली लाकडी ठोकळे हवेतच. मग सगळ्यात महत्त्वाचा नियम : खालचा, तेल सोडायचा नट उघडण्याआधी वरचा, तेल भरायचा नट सैल करून पाहायचा. तो गंजून बसला असेल आणि खालून तेल सोडून दिलं असेल, तर गाडी अंगणात नांगरली गेली म्हणून समजा! भरताना तेल त्याच भोकाच्या काठापर्यंत. थेंब ओघळायला लागला की पुरे. जास्त भरलं तर तापून सील फोडून बाहेर येतं आणि ब्रेकवर पडतं. नटाचा तांब्याचा वायसर जमल्यास नवा.

आणि निघालेलं तेल फेकायच्या आधी वाचायचं. हो, वाचायचं! शिक्षकाला आवडेल असाच हा भाग. नटाला लोहचुंबक असतं, त्यावर काळ्या मलमासारखा बारीक चुरा असेल तर ती रोजची झीज. चिमटीत धरता येईल असा कपचा सापडला तर दाता तुटायला लागलाय. तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. आपल्याकडे श्रावणात फरशीपुलावरून पाणी वाहत असताना गाड्या घालतात. घाटातून आलेला क्राऊन गरम असतो, थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि हवेच्या भोकातून वा सीलमधून पाणी ओढून घेते. तेलबदल पावसाळ्यानंतर ठेवण्यामागचं शहाणपण ते हेच.

मात्र तेल बदललं की जड गाडी हलकी होते का? बहुतेक वेळा नाही. हे मी जाणत्या ड्रायव्हरांकडूनच ऐकलं आणि पटलं. क्राऊनचं तेल वेळेवर बदललं तर आवाज, उष्णता आणि झीज कमी होते, गिअर सुलभ पडतो, पण गेलेली ताकद परत येणं विरळाच. ताकद कुठे गेली ते क्रमाने शोधावं लागतं. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही? मग क्लच घसरतोय. वरच्या गिअरला, ब्रेक दाबून, उभ्या गाडीत क्लच सावकाश सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक, फिरतच राहिलं तर प्लेट संपली. इंजिनच चढत नाही आणि काळा धूर? मग आधी एअर फिल्टर झटका, उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याची धूळ त्याचा जीव घेते. दम लागल्यासारखी गचके देते? डिझेल फिल्टर पाहा. सकाळी गिअर जड आणि तापल्यावर हलका? इथे मात्र तेलाचा संशय रास्त. आणि इंजिन, क्लच सगळं ठीक असून गाडी मोकळी धावत नाही? मग चाकांना हात लावा.

या शेवटच्या वाक्याने एका माणसाचा हंगाम वाचला होता. आमच्या ओळखीच्या एका जीपवाल्याची गाडी पोखरी घाटात दुसऱ्या गिअरलाही कुंथायला लागली. तो शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये गेला. तिथे गिअरबॉक्स उतरवायचा सल्ला आणि खर्चाचा आकडा असा मिळाला, की तो तसाच परत आला. हिरड्याचे दिवस होते, गाडी उभी ठेवणं परवडणारं नव्हतं. गावातला एक म्हातारा ड्रायव्हर शेजारी बसून घाट चढून आला. वर आल्यावर त्याने काहीही न उघडता चारही चाकांच्या मधोमध हाताची पालथी बाजू नेली. तीन कोमट, मागचं डावं चटका देणारं. ब्रेक सुटत नव्हता, इतकंच! चिखलाने गच्च झालेला ड्रम उघडून साफ केला, गंजलेली स्प्रिंग बदलली आणि गाडी मोकळी झाली. पोर परीक्षेत मागे पडलं की आपणही आधी त्याच्या बुद्धीला दोष देतो. त्याला फळ्यावरचं दिसतंय का, हे विचारायचं राहून जातं.

मग हे ज्ञान घरातून गेलं कसं? १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. तिची पुढची चाकं ओढतात, त्यामुळे मागे क्राऊनच नाही. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत, एकाच तेलावर. सोय झाली, यात शंका नाही. पण गाडीखाली वाकून बघावं असं काही उरलं नाही. पुढे स्वयंचलित गिअरच्या गाड्या आल्या. त्यांच्या तेलाची तर अजबच कथा. अमेरिकेत हे तेल घसरणीला योग्य व्हावं म्हणून स्पर्म व्हेलचं तेल त्यात घालत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला देवमाशाला संरक्षण मिळालं, ते तेल बंद झालं आणि पर्याय सापडेपर्यंत गिअरबॉक्स बिघडण्याच्या तक्रारी वाढल्या. एका यंत्राच्या मऊ चालीसाठी केवढा जीव खर्ची पडत होता! स्वयंचलित गाडीत मात्र जुनं तेल हे जड चालण्याचं खरंच कारण असू शकतं, कारण तिथे ताकदच तेलातून जाते. आणि आता पुष्कळ कंपन्या म्हणतात, तेल जन्मभराचं, बदलायलाच नको. जन्म कुणाचा, गाडीचा की वॉरंटीचा, हे विचारून घ्यावं.

घरी तेल बदलण्याची एक काळी बाजूही आहे, ती लपवू नये. काढलेलं तेल पूर्वी कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी लावत, उरलेलं ओढ्याकाठी ओतत. २०१६ च्या नियमांत वापरलेलं तेल धोकादायक कचऱ्यात धरलं आहे, आणि ते योग्यच. तुमचा ओढा घोडेला जावो की भीमेला, घोड तरी पुढे भीमेलाच मिळते. ते पाणी खालच्या गावांनी प्यायचं असतं. तेल जुन्याच डब्यात भरून, झाकण लावून, परवानाधारक पुनर्वापरवाल्याकडे तेल पाठवणाऱ्या गॅरेजला द्यावं. बैलगाडीचं वंगण गळून मातीत गेलं तर माती ते पचवत असे. हे तेल पचत नाही.

१ जून २०२२ रोजी त्याच जुन्या पुणे-नगर मार्गावर एसटीची विजेवरची 'शिवाई' धावली. विजेच्या मोटारगाड्याही आता घाटात दिसतात. त्यांना क्लच नाही, एअर फिल्टर नाही, धूर नाही. पण मोटर आणि चाक यांच्यामध्ये दातेरी चाकांची एक लहानशी पेटी अजून आहे, आणि त्या पेटीत तेल आहेच. चाक आहे तोवर वंगण आहे.

बदलतंय ते एवढंच, की दुखणं ओळखण्याचं काम माणसाकडून संगणकाकडे चाललंय. संगणकाशी माझं भांडण नाही, त्याच्यावरच तर हे लिहितोय. पण पोखरी घाटात, आषाढाच्या धुक्यात, फोनला रेंज नसताना गाडी जड चालायला लागली, तर कामी येईल तो चाकाशी नेलेला हाताचा पालथा पंजाच. नातवंडांना मोटार चालवायला शिकवाल तेव्हा एवढं तरी जरूर शिकवा. आणि तुमच्याकडे बैलगाडीच्या वंगणात काय काय कालवत, घरातल्या जुन्या माणसांना विचारून मला नक्की कळवा. ती माणसं आहेत तोवरच हे विचारता येईल.